शिक्षकांसोबत खुल्या प्रश्नांची सुरुवात करताना

ऐरोलीच्या शाळेत शिक्षकांना पहिल्यांदाच मार्गदर्शन करताय ना? मग पहिला महिना एवढंच धरा: तासिकेला एकच खुला प्रश्न (ज्याचं एकच ठरलेलं उत्तर नसतं असा), तोही आदल्या दिवशी शिक्षकांसोबत बसून टाचणात शब्दशः लिहिलेला. ऐनवेळी सुचलेला प्रश्न बहुतेकदा "कळलं ना?"वरच संपतो.

नवा प्रश्न शोधत बसू नका, जुनाच वळवा. "फ्लेमिंगो काय खातात?" याचं उत्तर पुस्तकात सापडतं. "ठाणे खाडीतल्या चिखलावर भराव टाकला तर फ्लेमिंगोंचं काय होईल? तुम्हाला तसं का वाटतं?" यावर वर्ग बोलू लागतो. 'का वाटतं' गाळू नका, नाहीतर मुलं नुसता अंदाज सांगून खाली बसतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. ही सर्वांत मोठी. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. हात वर आले तरी मनात पाच आकडे मोजायला सांगा.
- पहिल्याच उत्तराला "शाब्बास!" म्हणणं. बाकीचे हात खाली जातात. त्याऐवजी "अजून कोणाला वेगळं वाटतं?"
- मोठ्या वर्गात थेट एकेकाला उभं करणं. आधी एक मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्या. गोंगाट होणारच, मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या.

प्रश्नांचं वर्गीकरण, ब्लूमचे स्तर (आठवण्यापासून वरच्या विचारापर्यंतच्या पायऱ्या) वगैरे सध्या बाजूला ठेवा.