मोबाइलवर नको, कागदावर बघ

चि. स अनेक आशीर्वाद.

तुमच्या वार्षिक अंकाच्या पहिल्या पानावरचा सांगलीचा आयर्विन पूल काळपट आला म्हणून ‘मला एडिटिंग जमत नाही, संपादक मंडळातून नाव काढते’ हे काय लावलंयस? फोटो चांगला आहे. तू तो मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण चढवून पाहिलास आणि तसाच छापायला दिलास. छापील पानाला स्वतःचा उजेड नसतो. त्यात तुमचा अंक मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर निघाला. तो कागद शाई पितो, शाईचा ठिपका पसरतो आणि गडद भाग बुजतो. म्हणून एडिटिंगच्या कर्व्हजमध्ये, जिथे फोटोचा उजेड-अंधार बदलतो, तिथे सावल्या थोड्या उचलून, म्हणजे उजळून द्यायच्या. किती, ते कुठलाही कोर्स सांगणार नाही. कागदावर बघ.

फोटोशॉप घेऊ की फुकटातलं काही, या प्रश्नाचा मला कंटाळा आलाय. फुकटातल्या गिंपमध्येही कर्व्हज आहेत. आधी कागद दुमडून अंकाची डमी कर, मग कॅमेरा उचल. ग्रुप फोटो जोडपानावर घ्यायचा तर मधल्या घडीत कुणाचा तरी चेहरा जाणार, हे डमी उघडली की दिसतं. मग फोटो काढतानाच मधल्या दोघांना जरा सरकवतेस. पूर्ण पानाच्या फोटोला चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे पानाबाहेर जाणारी जादा कड लागते, ती कटिंगमध्ये जाते. म्हणून डोक्यावर जागा सोड. ए-फोर पानाला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो तिथवर पोचत नाही.

२०१९ च्या पुराची आठवण झाली की अजून जीव तळमळतो. सांगलीच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा एका मुलाने गच्चीवरून जबरदस्त फ्रेम टिपली होती. मोबाइल भरला म्हणून त्याने मूळ फाइल उडवली. उरली ती व्हॉट्सॲपची. अंकात ती काडेपेटीएवढी छापली. मूळ फाइल जपून ठेवत जा, बाई.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा कागदी नमुना पाहिल्याशिवाय छपाईची प्लेट काढू द्यायची नाही, यावरून मी अनेकांशी वाकडं घेतलं. स्नेहसंमेलन तोंडावर, सरांची घाई, ऑपरेटर वैतागलेला. मला हेकट म्हणाले. म्हणू देत. अंक उशिरा निघाल्याचा राग लोक विसरतात. बुजलेला चेहरा मात्र त्या पोराच्या घरी कपाटात तसाच राहतो. खेड्यातून आलेल्या कितीतरी मुलांचा तो पहिला छापील फोटो असतो. त्यासाठी भांडलो, पुन्हा भांडेन.

आणि हळदीच्या सौद्याच्या फोटोत तू हमालाचा चेहरा उजळलास, तो का? त्याच्या दंडावर घामात चिकटलेली पिवळी धूळ होती, तीच फोटोचा जीव होती. फिल्टरने ती पुसलीस. स्क्रीनवरचा झगझगीत रंग छपाईच्या चार शाईंत बसतही नाही, तो मळून येतो. हे मोबाइलवर कळणार नाही, कितीही बोटं फिरव.

तर त्या हमालाची मूळ फाइल काढ. सावल्या कमी-जास्त उचलून तीन नमुने कर आणि एकाच मॅपलिथो कागदावर शेजारी शेजारी छापून घे. कागद छापखान्यात माग, देतात. दिवसा खिडकीशी धरून बघ, कुठला बरा ते पेनाने खूण कर आणि ते पान घेऊन घरी ये. मोबाइलवर पाठवलंस तर मी उघडणार नाही.