गाडी गार असतानाच बघायला जा

प्रश्न : सामान वाहायला एक वापरलेली डिझेल पिकअप घ्यायचं आम्ही दोघा भावांनी ठरवलं आहे. गाडी दहा वर्षांची आहे. दोनदा चालवून पाहिली, दोन्ही वेळा टेम्परेचरचा काटा बरोबर मध्यावर होता. विकणारा म्हणतो, काटा मध्यावर आहे म्हणजे इंजिन खणखणीत आहे. इंजिनचं नॉर्मल तापमान नक्की किती असतं? आणि या काट्यावर कितपत विसंबावं?

उत्तर : आधी आकडे सांगतो. पूर्ण तापलेल्या इंजिनमधल्या कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या द्रावणाचं, तापमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. जुन्या घडणीची डिझेल इंजिनं बहुधा ८० ते ९५मध्ये रमतात. नवी इंजिनं मुद्दाम थोडी जास्त तापू दिली जातात, कारण त्यात इंधन नीट जळतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह, किती अंशांना उघडतो तेही त्यातच पाहा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान कुठेतरी उघडू लागतात.

आता काट्याचं. बऱ्याच गाड्यांमध्ये काटा मध्यावर थांबावा अशीच त्याची रचना केलेली असते. कूलंट ८० अंशांवर असो की १०५वर, काटा जागचा हलत नाही. तापमान दोन अंशांनी वरखाली झालं की चालक घाबरतो, म्हणून कंपन्यांनी ही सोय केली. तेव्हा विकणाऱ्याचं म्हणणं खोटं नसेल, पण त्यावरून कळतं एवढंच, की त्या घटकेला इंजिन उकळत नव्हतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे आहे. तुम्ही पोचलात तेव्हा इंजिन गार होतं की आधीच चालू करून ठेवलेलं होतं?

हे मी इतक्या पोटतिडकीने विचारतो, त्याला कारण आहे. गॅरेजमध्ये हात काळे करून मला सहा वर्षं झाली होती तेव्हा मी स्वतःसाठी पहिली पिकअप घेतली. बघायला गेलो तर गाडी दारात सुरूच होती. काटा मध्याच्या किंचित खाली. विकणारा म्हणाला, ही गाडी गारच चालते. मला ते आवडलं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवली, काटा तिथेच. सौदा केला. तीन आठवड्यांनी भरलेली गाडी घेऊन लांब चढाला लागलो आणि काटा चढू लागला. मी गिअर खाली घेतला, तरी चढतच राहिला. मग एकाएकी तो खाली आला. मला हायसं वाटलं आणि मी पुढे जात राहिलो. दोन किलोमीटरवर इंजिन जॅम झालं.

काटा खाली आला तो इंजिन गार झालं म्हणून नाही. कूलंट निघून गेलं होतं. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो नुसत्या वाफेत आणि हवेत लोंबतो आणि भलतंच खाली दाखवतो. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जाड झाकण, उतरवलं तर ते वाकलेलं. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता, नुसतं गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून मधे घालायचा पातळ थर) लावून झाकण बसवलेलं. रेडिएटर निम्मा बुजलेला होता. तो दोष झाकायला कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. ‘गारच चालते’ म्हणतात ती अशी.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो तुम्हीही पाळा. गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मी येईपर्यंत सेल मारू नका. पोचलात की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बॉनेट उघडा आणि हेडच्या कव्हरला हात लावा. कोमट लागलं तर शांतपणे सांगा, उद्या येतो.

गार इंजिनवर आधी रेडिएटरची कॅप काढा. ती गार असतानाच काढायची. तापलेल्या इंजिनची कॅप उघडणाऱ्याचा चेहरा भाजलेला मी पाहिला आहे. कूलंट गळ्यापर्यंत भरलेलं आणि रंगाने स्वच्छ हवं. गंजाचं तांबूस पाणी दिसलं तर त्या गाडीत वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी ओतलेलं आहे. वर तेलाचा तवंग किंवा मळकट फेस असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. ऑइल भरायचं झाकणही उलटं करून पाहा. तिथे पांढुरका चिकट थर दिसला तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ओलाव्यानेही तो जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा तसंच दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरतं आहे हे नक्की.

कॅप परत लावून सेल मारा आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप हातात धरा. पंखा आणि बेल्टपासून बाही दूर ठेवा. इंजिन गारच असताना, पहिल्या एक-दोन मिनिटांतच पाइप टणक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही. सिलिंडरमधला गॅस हेडखालच्या गळक्या गॅस्केटमधून कूलंटमध्ये घुसतो आहे. कूलंटच्या रिझर्व्हच्या बाटलीत एकसारखे बुडबुडे येताना दिसले तर संशय पक्का. खात्री करायला गॅरेजमध्ये एक निळं द्रावण मिळतं. बाटलीच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची. जळालेल्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडने ते पिवळं पडतं. तुमची गाडी डिझेल आहे. उभ्या डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो, म्हणून रंग हिरव्यावरच थांबेल. तोही दोषच समजायचा.

पाइप ठीक असेल तर धरून राहा. या तपासणीत मला अजूनही सगळ्यात जास्त समाधान इथेच मिळतं. बराच वेळ पाइप जेमतेम कोमट राहतो, कारण थर्मोस्टॅट बंद आहे आणि कूलंट इंजिनच्या आतल्या आतच फिरतं आहे. मग अचानक, पाच-दहा सेकंदांत, तळहाताखाली ऊब सरकत येते आणि पाइप धरवेनासा होतो. थर्मोस्टॅट उघडला. त्या क्षणी स्कॅनरवर (त्याबद्दल पुढे सांगतो) मॅन्युअलमधल्या आकड्याच्या आसपासचं तापमान दिसलं, तर थर्मोस्टॅट आणि सेन्सर दोन्ही खरे आहेत. हातात एक साधी परीक्षा आणि समोर एक आकडा, दोघांचं जुळलं की मन निश्चिंत होतं. पाइप सुरुवातीपासून हळूहळू एकसारखा तापत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला आहे किंवा आत नाहीच. काटा लालकडे निघाला आणि पाइप गारच, तर तो बंद अडकला आहे. लगेच इंजिन बंद करा.

डिझेल नुसतं उभं ठेवून लवकर तापत नाही. उभ्या इंजिनमध्ये डिझेल फार थोडं जळतं, अर्धा तास उभं ठेवलं तरी पाइप तापेलच असं नाही. आरपीएम थोडा वाढवून धरा किंवा एक फेरी मारून या.

स्कॅनर म्हणजे स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात बसणारं छोटं यंत्र. ते मोबाइलशी जोडलं की कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. गार इंजिनवर ते हवेच्या तापमानाएवढं दिसायला हवं. बाहेर २५ अंश आणि स्कॅनरवर ६० दिसत असतील तर गाडी सकाळीच चालवलेली आहे किंवा सेन्सर बिघडलेला आहे. त्याच यंत्रावर गाडीने नोंदवलेले बिघाडाचे जुने कोडही वाचा. पी ०१२८ म्हणजे इंजिन थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाही, पी ०२१७ म्हणजे ते अति तापलं होतं. कोड एकही नाही पण ‘रेडिनेस’च्या, म्हणजे गाडी स्वतःच्या स्वतः करते त्या, तपासण्या अपूर्ण आहेत असं दिसलं, तर कोड अलीकडेच पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी. का, ते विचारा.

मग गाडी चालवा आणि नीट चालवा. सपाट रस्त्यावर रिकामी फिरवून मी फसलो, तुम्ही फसू नका. शक्य असेल तर वजन टाका, लांब चढ शोधा, एसी लावा. चढावर तापमान सात-आठ अंशांनी चढलं आणि उतारावर परत आलं तर कूलिंग चांगलं आहे. चढत राहिलं आणि उतरायला तयार नाही, तर रेडिएटर बुजला आहे किंवा पंखा हवा ओढत नाही. बऱ्याच पिकअपचा पंखा व्हिस्कस क्लचवर चालतो. इंजिन तापलं की तो क्लच पकड घेतो आणि समोरून मोठा घुमणारा आवाज येतो. तो आवाज येणं चांगलं लक्षण आहे. विकणारा शेजारी बसून हीटर पूर्ण उघडत असेल तर हीटर बंद करायला सांगा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो आणि दोष लपतो.

परत आल्यावर पाच मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सेल मारून तापमान पाहा. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर कूलंटची पातळी पाहा. कुठे गळती नाही आणि पातळी उतरली आहे, तर ते पाणी बहुधा सिलिंडरमध्ये जातं आहे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो तो त्याचाच.

प्रश्न : मी बघितलेल्या पिकअपचा काटा पाव भागाच्या वर येतच नाही. ओळखीचे मेस्त्री म्हणतात, थर्मोस्टॅट काढलेला असला तरी बिघडत नाही, इंजिन जेवढं गार तेवढं आयुष्य जास्त. हे खरं आहे का?

उत्तर : नाही. हा समज मी कितीतरी चांगल्या हातांच्या मेस्त्रींकडून ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण त्यापायी चांगली इंजिनं अकाली झिजतात. पिस्टन, रिंग, बेअरिंग यांच्यातली फट इंजिन पूर्ण तापल्यावर बरोबर बसेल अशी ठेवलेली असते. गार इंजिनमध्ये इंधन अर्धवट जळतं आणि ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, मग तळाशी काळा चिखल साचतो. डिझेलला धुराचा फिल्टर असेल तर तोही नीट साफ होत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत काजळी जाळायची क्रिया इंजिन पुरेसं तापल्याशिवाय सुरूच होत नाही.

तरी काटा खाली दिसतो म्हणून थर्मोस्टॅट काढलेलाच असेल असं धरून चालू नका. सेन्सरची वायर निघालेली असली तरी बऱ्याच गाड्यांत काटा तळाशीच बसतो. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, वायर तुटली की तो अमर्याद होतो आणि मीटरला ते ‘अतिशय गार’ असं वाटतं. गाडी वीस मिनिटं चालवून लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. तिथे ८५च्या आसपास आणि काटा पाव भागात, तर दोष सेन्सरचा किंवा मीटरचा आहे. तिथेही ६०-६५च असेल तर थर्मोस्टॅटचा.

विकणारा तयार असेल तर थर्मोस्टॅट काढून घ्या आणि दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात लटकवा. तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. उघडायचं तापमान बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं. त्या अंशाला आतलं मेण फुगतं, वॉल्व्ह केसाएवढा सरकतो आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो. नवा थर्मोस्टॅट ही मोठी गोष्ट नाही. जुना का काढला, याचं उत्तर मिळेपर्यंत मात्र पैसे देऊ नका.

प्रश्न : पेट्रोल पिकअप बघायला गेलो होतो. उभ्या गाडीत स्कॅनरवर १०२ अंश दिसले. पाणी १०० अंशांना उकळतं म्हणून मी सौदा सोडला. योग्य केलं ना?

उत्तर : नुसत्या त्या आकड्यावरून सोडायला नको होता. कूलंट म्हणजे नुसतं पाणी नव्हे. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावरच सुमारे १०७ अंशांना उकळतं. त्यावर रेडिएटरची कॅप साधारण एक बारचा दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळबिंदू १२५च्या पुढे जातो. कित्येक गाड्यांचा विजेवरचा पंखा १००च्या आसपासच सुरू होतो. तुम्ही आणखी दोन मिनिटं थांबून पाहायला हवं होतं. १०२ला पंखा लागला, ९५-९६ला बंद झाला, पुन्हा तसंच झालं, तर ते इंजिन व्यवस्थित आहे. पंखा फिरत असूनही १०८, ११२ असं चढत गेलं असतं, तर सोडला ते बरोबर. गाडी अजून विकली गेली नसेल तर पुन्हा जाऊन या. कॅपचं रबर तेवढं बघा. ते चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही आणि चांगलं इंजिनसुद्धा उकळतं.

प्रश्न : ऑटोमॅटिक पिकअप आहे, ट्रेलर ओढलेली. तापमान चाचणीत सगळं ठीक आलं, पण रिझर्व्हच्या बाटलीत गुलाबी दाट फेस दिसतो. विकणारा म्हणतो, कूलंटचाच रंग आहे.

उत्तर : कूलंट गुलाबी असतं, पण ते पाण्यासारखं पातळ आणि आरपार दिसणारं असतं. दाट फेस म्हणजे बहुधा त्यात गिअरबॉक्सचं ऑइल मिसळलं आहे. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत ते ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असते. ती फुटली की दोन्ही एकमेकांत जातात. तापमान ठीक दिसणारच, कारण इंजिन अजून चांगलं आहे. पण कूलंट गिअरबॉक्समध्येही गेलं असणार आणि आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर पाण्याने सुटतं. गिअरबॉक्सची डिपस्टिक असेल तर ओढून पाहा. तिच्यावरही तोच गुलाबी फेस असेल तर ही गाडी घेऊ नका.