काळी टोपी घालून बघा, मग ठरवा

मालवणच्या ताई, तुमचा प्रश्न काल संध्याकाळीच वाचला, पण आमच्याकडे लाईट गेली ती सकाळी आली, म्हणून उत्तराला उशीर. तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा, ‘रंगीत कार्टून ओळीत उभी राहून गाणी म्हणतात’ असा गेम खेळतो, तुम्ही शेजारी बसून बघितलात तर काही वावगं दिसलं नाही, उलट संगीत बरंच वाटलं. पण हल्ली तिन्हीसांजेनंतर तो परसात जायला तयार नसतो. ठेवू की काढू, एवढाच प्रश्न. गेमचं नाव दिलेलं नाही, तरी माझी जवळजवळ खात्री आहे की हा स्प्रंकी. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं, मुलगा तेव्हा तिसरीत. किती वेळ खेळू द्यावं, मोबाईल जेवताना नको वगैरे वर बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते मी परत उगाळत नाही.

यात खेळ दोन आहेत आणि त्यांची हमखास गल्लत होते. मूळचा इन्क्रेडिबॉक्स, सो फार सो गुड नावाच्या फ्रेंच मंडळींचा, २००९ पासूनचा. पडद्यावर माणसं उभी असतात, खालची चिन्हं उचलून त्यांच्या अंगावर टाकली की एक ठेका धरतो, दुसरा सूर लावतो, तिसरा मध्येच एखादी हरकत घेतो, आणि सगळं लयीत बसतं. ऍप पैसे देऊन घ्यावं लागतं, पण मुलाला तालाची गोडी लावायला चांगलं आहे, मी आजही कोणालाही सांगेन. स्प्रंकी हा त्यावरून चाहत्यांनी केलेला वेगळाच अवतार, २०२४ मध्ये एकदम पसरला. दिसायला मूळ खेळापेक्षाही बाळबोध. फक्त त्या चिन्हांत एक काळी टोपी असते. ती एखाद्या पात्राला घातली की पडदा काळवंडतो, तीच गोंडस पात्रं रक्ताळलेली, मेलेली दिसू लागतात, आणि मघाचंच गाणं विद्रूप होऊन वाजत राहतं. तुम्ही शेजारी बसलात तेव्हा चिरंजीवांनी टोपीला हात लावला नसणार. आईसमोर कोण लावेल?

आता ‘मुलांसाठी योग्य’ हे कोण ठरवतं, तर इथे कोणीच नाही. चित्रपटाला लागतं तसं सेन्सॉरचं प्रमाणपत्र आपल्याकडे गेमला लागत नाही. प्ले स्टोअरवर ३+, ७+, १२+ असे आकडे दिसतात ते आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतून येतात: गेम करणारा एक प्रश्नावली भरतो आणि त्याच्या उत्तरांवरून आकडा निघतो. वाईट पद्धत नाही, पण ती स्टोअरपुरती. तुमचा मुलगा ब्राउझरमध्ये साइट उघडून खेळत असेल तर तिथे आकडाच नाही. आणि या नावाच्या साइट उदंड आहेत, प्रत्येकीवर वेगळी आवृत्ती, कुणी काय भर घातली असेल त्याचा नेम नाही.

आकडा असला तरी तो गाण्यांच्या गेमला नीट लागू पडत नाही, असं माझं मत. साध्या गेममध्ये जे आहे ते पहिल्या दिवसापासून असतं. यात गाणी मागाहून येत राहतात. रॉक बँड या खोटी वाद्यं वाजवायच्या गेमच्या अमेरिकेतल्या खोक्यावर ईएसआरबीने, म्हणजे गेमचा वयोगट ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेने, ‘टीन’ (१३ वर्षांपुढच्यांसाठी) लिहिलं होतं, आणि सोबत हेही की डाउनलोड केलेल्या गाण्यांना हे प्रमाणपत्र लागू नाही. निदान प्रामाणिकपणे छापलं तरी होतं.

आता आमची कथा. मुलाला हा खेळ लागला शाळेत. घरात त्याला एक वेगळा फोन, त्याला फॅमिली लिंकची (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गुगलचं ऍप) कुलपं लावून मी निर्धास्त होतो. शाळेत संगणकाच्या तासाला मुलं साइट उघडायची, सर खूश, कारण संगीत चाललंय आणि वर्ग शांत. घरी मात्र रात्री दिवा चालू ठेवून झोपायचं, वहीच्या मागच्या पानांवर काळ्या डोळ्यांची चित्रं. आई म्हणाली, “पोराक दिष्ट लागली हा,” आणि मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेवटी चुलतभावाच्या मुलीने सांगितलं की काका, ती टोपी.

मी शाळेच्या ऑफिसात गेलो. नाव घेत नाही, गाव लहान आहे. म्हटलं, ही साइट बंद करा. उत्तर आलं, अर्ज द्या. अर्ज दिला. मग कळलं की संगणक कक्ष बाहेरच्या एजन्सीकडे आहे. एजन्सीवाला फोनवर म्हणाला, शाळेने लेखी कळवलं तर पाच मिनिटांचं काम. शाळा म्हणाली, त्यांचा माणूस आला की सांगू. माणूस कधी येतो? बिघाड झाला की. संगणक सुरळीत चालू होते, त्यामुळे माणूस येईना. मध्ये चाचणी परीक्षा, मध्ये स्नेहसंमेलन. पुन्हा गेलो तर अर्ज सापडेना, नवीन द्या म्हणाले, आणि या वेळी पोच घ्या असा सल्लाही वर. अखेर वरिष्ठांनी माझ्यासमोर ती साइट उघडली, अर्धा मिनिट बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, “अहो, किती छान आहे हे! आमच्या वेळी नव्हतं असलं काही.” मी म्हटलं, सर, ती टोपी घाला. तेवढ्यात त्यांना फोन आला.

या सगळ्यात गेला तो काळ मला जास्त लागला. पोरगा दर गुरुवारी वाडीतल्या भजनात झांज धरायचा, पेटीवर बोटं फिरवायला लागला होता. ते सुटलं. पेटीचा नुसता सूर धरला तरी ‘ते’ आठवतं म्हणायचा, कारण त्या खेळात भीती डोळ्यांपेक्षा कानांतून जास्त शिरते. पुढे पालकसभेत मी पडद्यावर खेळ लावला आणि सगळ्यांसमोर टोपी घातली. मागून एक आई म्हणाली, आमचीपण झोपत नाही. मग दुसरी. साइट त्या आठवड्यात बंद झाली. एजन्सीचा माणूस लगेच आला, हे वेगळं सांगायला नको. तर शाळेत काही करायचं असेल तर अर्जाच्या नादी लागू नका, सभेत दाखवा. (सगळ्या शाळा अशा नसतात. माझ्या बहिणीच्या मुलांच्या शाळेत बाईंनी स्वतःच ओळखून बंद केला.)

कोणी म्हणेल, कोकणातल्या पोरांना भुताचं काय नवल? आमच्याकडे देवचार आहे, वेताळ आहे, आजीकडे प्रत्येक वळणाची एक गोष्ट आहे. खरं आहे. दशावतारात राक्षस किंकाळी फोडत येतो तेव्हा पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात. पण तिथे पदर असतो, आणि खेळ संपल्यावर तोच राक्षस तोंडाला अर्धा रंग ठेवून चहा पिताना दिसतो. स्क्रीनवरचा रंग उतरताना मुलाला दिसत नाही, आणि तो बघतो एकटा, कानात हेडफोन घालून. म्हणून माझा आक्षेप भीतीला नाही. गोड चेहरा दाखवून मागाहून भीती घालणाऱ्या खेळाला आहे, तोही इतक्या लहान वयात. बारा-तेरा वर्षांची मुलं यावर हसतात, त्यांना खुशाल खेळू द्या.

कुठलाही गाण्याचा गेम पारखायचा तर मुलाचे हेडफोन आपल्या कानात घालून स्वतः खेळायचा, आणि तोही मुलगा झोपल्यावर. सगळी बटणं दाबायची, हरायचं, जिंकायचं, मधल्या जाहिराती शेवटपर्यंत बघायच्या. यूट्यूबवर गेमच्या नावापुढे ‘ऑल फेजेस’ किंवा ‘एंडिंग’ लिहून शोधलंत तर लपलेला भागही दिसतो. पहिली पाच मिनिटं बघून काही कळत नाही. फ्रायडे नाइट फंकिन घ्या: बाण दाबून गाण्याची जुगलबंदी, ताल झकास, पण भाषा आणि एकूण बाज मोठ्या मुलांचा. सेटिंगमध्ये अर्वाच्य भाग बंद करायची सोय आहे खरी, पण लोकांनी त्यावर रचलेल्या शेकडो आवृत्त्यांना ती लागू नाही, आणि त्यांतल्या कित्येक याच भीतीच्या वाटेने जातात. उलट जस्ट डान्समध्ये बऱ्याच गाण्यांतले आक्षेपार्ह शब्द गाळलेले असतात. घरात टीव्हीवर लावून सगळ्यांनी नाचायला तो बरा. पियानोच्या काळ्या पट्ट्या दाबायचे फुकट गेम निरुपद्रवी असतात, पण त्यांतल्या जाहिराती निरुपद्रवी नसतात. मोबाईल डेटा बंद करून चालतो का बघा, चालला तर तसाच द्या. दुबईचा काका व्हीआर हेडसेट घेऊन आला आणि बीट सेबरची (तालावर तलवारी फिरवायचा व्हीआर गेम) टूम निघाली, तर हेडसेट मेटाचा असेल तर मेटाने स्वतःच १० वर्षांखालच्यांना तो हेडसेट नको म्हटलंय, एवढं काकाला दाखवा.

दोन गोष्टी जाता जाता. यातल्या पुष्कळ गेममध्ये तालावर पडदा लपलपतो. घरात कुणाला फिट येत असेल तर हे हलक्यात घेऊ नका. १९९७ साली जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग बघताना लाल-निळ्या लपलपाटाने शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. आणि आवाज: जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, ही मर्यादा सांगते. घरी डेसिबल कोण मोजतंय? हाताच्या अंतरावरून तुमची साधी हाक मुलाला ऐकू आली पाहिजे, नाही आली तर आवाज कमी करा. पैशाचं एकच सांगतो: प्ले स्टोअरवरून चुकून खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत गुगलकडेच परतावा मागा, आधी बँकेच्या खेपा घालत बसू नका.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर, मी डॉक्टर नाही, आमच्याकडे काय लागू पडलं तेवढं सांगतो. रागावलो नाही, हिसकावूनही घेतलं नाही. भर दुपारी ओटीवर बसलो, आवाज पूर्ण बंद केला आणि त्यालाच टोपी घालायला सांगितली. आवाज नसला की ती चित्रं अगदीच पोरकट दिसतात, तो स्वतःच हसला. मग मूळ इन्क्रेडिबॉक्स घेऊन दिला. फॅमिली लिंकमध्ये क्रोमसाठी ‘फक्त मंजूर केलेल्या साइट’ असा पर्याय आहे, तो लावा. नुसतं ‘अश्लील साइट रोखा’ यावर ठेवलंत तर स्प्रंकी त्यातून सहज निसटतो, कारण तो अश्लील नाहीच. यानेही झोप सुधारली नाही, किंवा मूल दिवसासुद्धा घाबरायला लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, इथे विचारत बसू नका.

आणि गणपतीत मुंबईची भावंडं येतील, त्यांच्या फोनवर तुमचं कुलूप चालणार नाही. त्यांच्या आईबापांशी आत्ताच बोलून ठेवा. तोवर मुलगा नक्की कुठल्या साइटवर खेळतो तो पत्ता मला निरोपातून पाठवा, कुठली आवृत्ती आहे ते रात्री बघून सांगतो. लाईट राहिली तर.