नवऱ्याच्या सहीवाचून

अमेरिकेत घरात मारहाण सोसणाऱ्या, पण तिथे राहण्याचे वैध कागद नसलेल्या बायकांविषयी आलेल्या पत्रांतली चार या वेळी घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

मुलगी पर्यटक व्हिसावर न्यू जर्सीला गेली, तिथेच एका अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं. राहायची मुदत संपून दोन वर्षं झाली. जावयाने तिचे कागद भरलेच नाहीत. आता मारतो, वर ‘पोलिसांत गेलीस तर इमिग्रेशनला कळवतो’ म्हणतो. तिला परत बोलावू का? — एक आई, सांगली

घाईने तिकीट काढू नका. मुदत उलटून वर्षाहून जास्त काळ राहिलेली व्यक्ती अमेरिका सोडते, तेव्हा साधारणपणे दहा वर्षं तिला परत येता येत नाही. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आतली असेल, तर तीन वर्षं. जिवाला धोका असेल तर घर आजच सोडावं, देश नव्हे.

तिच्यासाठी बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे. वकील त्याला ‘व्हावा’ म्हणतात. त्याखाली छळ झालेली बायको ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा पहिला अर्ज, फॉर्म आय-३६०, स्वतः भरते. नवऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवलं जात नाही आणि या फॉर्मला फी नाही. (छळ झालेल्या नवऱ्यालाही हाच मार्ग आहे, हे विचारणारं एक पत्र आलं होतं.) सिद्ध करायच्या गोष्टी पाच: नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, लग्न खरं होतं, दोघं एकत्र राहिले, मारहाण किंवा टोकाचा मानसिक छळ झाला आणि तिची स्वतःची वर्तणूक चांगली आहे. ‘इमिग्रेशनला कळवतो’ ही धमकी छळाचाच पुरावा ठरते, म्हणून तो मेसेज पुसू नये.

पोलिसांचा रिपोर्ट असला तर उत्तम, नसला तरी अर्ज अडत नाही. अडतो तो बहुतेकदा एकत्र राहिल्याच्या पुराव्यावर, कारण भाडेकरार, बँक, वीजबिल सगळं त्याच्या नावावर असतं. मग तिच्या नावाने त्या पत्त्यावर आलेलं कुठलंही पाकीट, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, दवाखान्याची नोंद, शेजारणीचं प्रतिज्ञापत्र, जे मिळेल ते जोडायचं. तुम्हीही सांगलीतून प्रतिज्ञापत्र देऊ शकता. पण ‘माझी मुलगी गुणी आहे’ याचा उपयोग शून्य. कोणत्या दिवशी फोन आला, ती काय म्हणाली, व्हिडिओवर तुम्हाला चेहऱ्यावर काय दिसलं, ते लिहा. आणि चार नातेवाइकांनी एकाच मजकुराखाली सह्या केल्या, तर चौघांचंही कुणी खरं मानत नाही.

वर्तणुकीसाठी तिचं स्वतःचं निवेदन आणि मागच्या तीन वर्षांत जिथे जिथे सहा महिने किंवा जास्त राहिली, तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो. त्या काळात ती तितके दिवस सांगलीत राहिली असेल, तर इथलाही.

घटस्फोट झाला तरी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, मात्र घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवावा लागतो. अर्ज मंजूर होण्याआधी दुसरं लग्न केलं तर अर्ज बाद. नवऱ्याचं आधीचं लग्न मोडलेलंच नव्हतं असं नंतर कळलं, तरी तिने ते प्रामाणिकपणे खरं लग्न मानलं होतं तर दार बंद होत नाही.

नवऱ्याने खरंच कळवलं तर? १९९६ पासूनच्या तरतुदीनुसार छळ करणाऱ्याने दिलेल्या माहितीवरच विसंबून अधिकाऱ्यांनी तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नसतो आणि तिच्या अर्जाबद्दल त्याला काही सांगायचं नसतं. फॉर्मवर सुरक्षित पत्ता देण्याची सोय असते, तिथे वकिलाचा किंवा पोस्टातल्या पेटीचा पत्ता द्यावा. घरचा पत्ता गेला की पावतीचं पाकीट नवराच उघडतो. फोन त्याच्या फॅमिली प्लॅनवर असेल, तर फोटो आणि मेल त्याच्याही खात्यात पोचत असतील, म्हणून नवा ईमेल दुसऱ्याच कुणाच्या उपकरणावरून उघडावा.

मी एच-४ (नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) वर आहे. नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर. त्याने घटस्फोट टाकलाय. मला ‘व्हावा’ मिळेल का? — नाव नको, डॅलस

नाही. तुमचा नवरा नागरिकही नाही, ग्रीन कार्डधारकही नाही. मात्र छळ झालेल्या एच-४ पत्नीला आय-७६५व्ही या फॉर्मवर दोन वर्षांचा काम करण्याचा परवाना मिळू शकतो, घटस्फोटानंतर दोन वर्षांच्या आतही. पण परवाना म्हणजे स्टेटस, म्हणजे देशात राहण्याचा वैध दर्जा, नव्हे. घटस्फोटाचा हुकूम निघाला की तुमचा एच-४ संपतो, त्यामुळे विद्यार्थी किंवा दुसऱ्या व्हिसावर बदली मागायची तर त्याआधी. कोर्टातल्या तारखा आपल्या वकिलाला आणि इमिग्रेशन वकिलाला एकत्र बसवून ठरवा. घटस्फोटाच्या वकिलाला बहुधा व्हिसाचं गणित माहीत नसतं. पासपोर्ट नवऱ्याने दडवला असेल, तरी पासपोर्ट क्रमांक ठाऊक असेल तर आय-९४ (देशात आल्याची नोंद) सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून काढता येतो.

नवरा स्वतःच कागदांविना आहे. मग माझं काय? — एडिसन

तुमच्यासाठी यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा. इथे त्याचं स्टेटस बघत नाहीत, तुमचंही नाही. गुन्हा अमेरिकेत घडलेला हवा, घरगुती हिंसाचार यादीत आहेच, आणि तुम्ही तपासात मदत केलेली हवी. फॉर्म आय-९१८ सोबत ‘सप्लिमेंट बी’ हा मदत केल्याचा दाखला पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशाकडून सही करून घ्यावा लागतो. सही करणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जा. सही झाली की सहा महिन्यांत अर्ज पोचला पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

खरी गल्लत घडते ती अशी: मंडळातली वडीलधारी माणसं समेट घडवतात, बाई तक्रार मागे घेते, मग ‘मदत केली’ म्हणायला काही उरत नाही. समेटाला बसण्याआधी वकिलाशी बोला.

वर्षाला फक्त १०,००० यू व्हिसे, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची. पण अर्ज प्राथमिक छाननीत खरा वाटला तर रांगेत असतानाच चार वर्षांचा काम करण्याचा परवाना मिळू शकतो. व्हिसा मिळाल्यावर तीन वर्षांनी ग्रीन कार्डचा अर्ज. मुदतीपलीकडे राहिल्याबद्दल माफीसाठी आय-१९२ हा वेगळा फॉर्म लागतो. तो विसरला की अर्ज लटकतो.

अर्ज नाकारला गेला तर हद्दपारीची नोटीस येऊ शकते. त्यामुळे ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दूर ठेवा. फक्त वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधीच हे काम करू शकतात. न्यू जर्सीत मानवी, न्यू यॉर्कमध्ये सखी, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मैत्री या दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था आहेत. देशभराची हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३.

लग्नाचा दाखला आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही मराठीत आहेत. चालतील?

चालतील, इंग्रजी भाषांतरासह. दोन्ही भाषा येणारी कुणीही व्यक्ती करू शकते; भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं लिहून सही करायची. नोटरी लागत नाही. तुम्ही स्वतः करू नका. शिव्यासुद्धा जशाच्या तशा उतरवाव्या लागतात, लाजून सौम्य केल्या तर छळाचा पुरावाच पातळ होतो. मेसेजच्या चित्रात तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसायला हवा. नुसतं ‘अहो’ या नावाने सेव्ह असेल, तर संपर्काचं पान उघडून त्याचाही फोटो जोडा.