फ्रान्सच्या आडरस्त्यांवर सायकलने

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पन्नाशी ओलांडलेले असून सुटीच्या दिवशी पानशेत, मुळशीच्या बाजूला सायकलने जातो. मुलगी शिक्षणासाठी तुलूझला आहे. पुढील वर्षी तिच्याकडे जाताना आठवडाभर फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलने हिंडावे, अशी इच्छा आहे. तुलूझहून निघणाऱ्या कॅनाल द्यु मिदीचे नाव सगळीकडे वाचायला मिळते. शांत मार्ग म्हणून तो निवडावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मोटारी नसाव्यात एवढीच अपेक्षा असेल, तर कालव्याचा काठ ती पूर्ण करतो. पिएर-पॉल रिके यांच्या पुढाकाराने 1666 ते 1681 या काळात खोदलेला हा 240 किलोमीटरचा कालवा तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत जातो. पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आहेत आणि सुरेख आहेत. पुढे मात्र, काही सुधारलेले टप्पे वगळता, मातीची अरुंद वाट लागते, झाडांची मुळे चाकाखाली येतात आणि पाऊस झाला की चिखल होतो. ज्या सावलीसाठी हा काठ प्रसिद्ध होता, ती देणाऱ्या प्लेन वृक्षांना 2006 पासून बुरशीच्या रोगाने ग्रासले असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत. मुलीबरोबर एक-दोन दिवस, तुलूझहून पन्नासेक किलोमीटरवरील नोरूझच्या खिंडीपर्यंत अवश्य जावे. आठवडा मात्र दुसरीकडे घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आपण पॅरिसला उतरणार असाल, तर माझी पहिली पसंती बर्गंडीतील निव्हर्ने कालव्याला आहे. पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून सायकलसह रेल्वेने ओसेरला जावे आणि तेथून दसीझपर्यंत 174 किलोमीटर कालव्याच्या साथीने, कधी काठावरून तर कधी लगतच्या गावरस्त्यांवरून, सावकाश चालवावे. पॅरिसला सरपण पुरवण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा कालवा खोदायला घेतला. त्याआधीपासून मोर्व्हांच्या जंगलातील लाकूड क्लामसी गावाजवळ जमवून योन नदीतून तराफ्यांनी पाठवले जात असे. वाटेत सोस्वाचे चुनखडीचे उभे कडे लागतात. सार्दीजवळ तर बोटींना पायरीपायरीने वर चढवणारे सोळा लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाजांचे कप्पे, अवघ्या तीन-चार किलोमीटरांत ओळीने आहेत आणि त्यांच्या शेजारी लॉक सांभाळणाऱ्यांची बैठी घरे उभी आहेत. येथे घाई करू नये; एखादी बोट वर चढताना आरंभापासून शेवटापर्यंत पाहावी. क्लामसीहून वीसेक किलोमीटरवर टेकडीच्या माथ्यावर व्हेझले आहे. तेथील बॅसिलिका, म्हणजे मोठे चर्च, जागतिक वारसा यादीत असून शेवटची चढण चढण्याचे श्रम ती पुरेपूर फेडते. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर या हिशेबाने व्हेझलेसह पाच दिवस पुरतात. दसीझहून नव्हेरमार्गे रेल्वेने पॅरिसला परतता येते.

नाव असलेले मार्ग ही केवळ सुरुवात आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. फ्रान्समध्ये सुमारे 35,000 कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्था आहेत आणि देशातील दहा लाखांहून अधिक किलोमीटर रस्त्यांपैकी बहुतांश या कम्यूनांचे आहेत. गावे रोडावली, माणसे शहरांत गेली, पण वाडीवस्तीला जोडणारे डांबरी रस्ते राहिले. खरी शांतता त्यांच्यावर आहे आणि ती शोधण्याचे साधन म्हणजे कागदी नकाशा. मिशेलिन कंपनीच्या 1:1,50,000 प्रमाणाच्या नकाशावर लाल रेघा मोठ्या रस्त्यांच्या, पिवळ्या मध्यम रस्त्यांच्या आणि पांढऱ्या या आडरस्त्यांच्या असतात. पांढऱ्या रेघेच्या कडेने हिरवी पट्टी असेल, तर तो टप्पा निसर्गरम्य समजावा. रेघेवर छोटे बाण दिसले, तर त्यांचे टोक चढाच्या दिशेला असते : एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याहून अधिक. सामान लादलेल्या सायकलीने दोन बाणांचा रस्ता दुपारच्या उन्हात टाळलेला बरा. रस्त्याच्या क्रमांकाआधी ‘डी’, म्हणजे जिल्हा रस्त्याची खूण, आहे एवढ्यावरून तो शांत असेल असे मानू नये. पूर्वीचे अनेक राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवल्यामुळे त्यांनाही ‘डी’ लागले आहे. ओसेरच्या परिसरातील डी 606 हा असाच जुना राष्ट्रीय रस्ता आहे. तो ओलांडावा, त्यावरून जाऊ नये.

मोबाइलवरील नकाशा सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, तर कागदी नकाशा शेजारच्या खोऱ्यातील दुसरी वाटही डोळ्यांसमोर ठेवतो. म्हणून त्याचा आग्रह धरतो आहे.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. तेथे उजव्या बाजूने चालवतात. वर्दळीत हे आपोआप पाळले जाते. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो, कारण आठवण करून द्यायला समोरून वाहन येत नाही आणि बेकरीतून पाव घेऊन निघालेली सायकल सवयीने डावीकडे वळते. तसेच गावात जेथे चौकात कोणतीही खूण नसते, तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते, मग त्याची गल्ली कितीही लहान असो. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर राखावे, असा तेथील कायदा आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. अशा आडगावांत जेवणाची आणि पाण्याची सोय कशी होते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सोय होते, पण वेळ सांभाळावी लागते. गावातील दुकाने साधारणतः बारा ते दोन किंवा त्याहून थोडी अधिक वेळ बंद असतात, रविवारी दुपारनंतर उघडत नाहीत आणि सोमवारी अनेक बेकऱ्यांना सुटी असते. त्यामुळे सकाळीच पाव, फळे, टोमॅटो, दही घेऊन पिशवीत ठेवावे. खाणावळीत सॅलड मागितले तरी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात; मागवण्यापूर्वी विचारावे. कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की तेथील अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. ब्रिटनी प्रांताकडे गेल्यास कुट्टूच्या पिठाचे पातळ धिरडे अंडे किंवा भाजी घालून मिळते आणि पोट भरते.

पाण्यासाठी गावाची दफनभूमी शोधावी. फुलझाडांसाठी तेथे बहुधा नळ असतो. त्यावर ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल, तर ते पाणी पिऊ नये. शंका असल्यास एखाद्या घराचे दार ठोठवावे, ‘बोंझूर’ म्हणून अभिवादन करावे आणि मग बाटली पुढे करावी. अभिवादनावाचून काही मागणे तेथे उद्धटपणाचे मानतात.

सायकलपर्यटनाचे जनक मानले जाणारे पॉल दे व्हिव्ही उर्फ व्हेलोसिओ यांनी सायकलस्वारांसाठी घालून दिलेल्या नियमांत भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे, असे सांगितले आहे. पुढचे दुकान पंधरा किलोमीटरवर आणि तेही दोननंतर उघडणारे असेल, अशा मुलखात हा नियम अक्षरशः पाळावा.

प्रश्न : लुआर नदीकाठच्या मार्गासाठी कोणता महिना आणि कोणती दिशा योग्य?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मे, जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये फ्रेंच स्वतःच सुटीवर असतात. मार्गावर गर्दी होते आणि लहान गावांतील बेकऱ्या मात्र आठवडेच्या आठवडे बंद राहतात. वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो; म्हणून नांतहून निघून ओर्लेआंच्या दिशेने, नदीच्या प्रवाहाविरुद्ध गेल्यास तो पाठीशी राहतो. नदीचा उतार इतका सौम्य आहे की ही चढण पायांना जाणवत नाही.