पाणी सुटल्यावरच्या मोटारी आणि रात्रीच्या गाड्या

प्रश्न : जुळे सोलापुरात आमची 24 फ्लॅटची सोसायटी आहे. 100 केव्हीएची डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर), तीवर शेजारचे चार बंगलेही. सोसायटीत आता तीन इलेक्ट्रिक कार आणि पाच स्कूटर झाल्यात. एप्रिलमध्ये दोनदा संध्याकाळी डीपीचा फ्यूज गेला, तेव्हापासून निम्मे सभासद म्हणतात की चार्जिंगवर बंदी घाला. माझा भाचा ऑस्ट्रेलियात शिकतो. तो सांगतो, तिकडं गाड्याच उलटी वीज देतात आणि त्यावर विद्यापीठ, वीज कंपनी, गाडीवाले असे सगळे मिळून संशोधन करतात. एवढ्या सगळ्यांनी एकत्र बसावं असं यात आहे तरी काय? आणि मी बंदीचं काय करू?
— एका सोसायटीचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, बंदीचं बाजूला ठेवा, आधी हिशेब मांडू. 100 केव्हीएची डीपी म्हणजे धरून चला 90 किलोवॉट. तुमच्या तीन कार साध्या 16 अँपिअरच्या प्लगवर प्रत्येकी साडेतीन किलोवॉटच्या आत घेतात, म्हणजे मिळून दहा. पाच स्कूटरचे साडेतीन. बाकीचं सगळं एसी, कूलर, लिफ्ट आणि टाकीच्या मोटारीचं आहे. फ्यूज गाड्यांनी घालवला म्हणणं म्हणजे शेअर रिक्षात सगळ्यात शेवटी बसलेल्यानं टायर फोडला म्हणण्यासारखं.

पण तो शेवटचा माणूस नेमका सात वाजताच का बसतो, हे विचारायला हवं. सोलापूरकराला हे समजवायला नको. पाणी सुटलं की सगळी गल्ली एकदम मोटार लावते, ट्यूबलाईट मिणमिणते आणि कुणीतरी गॅलरीतून ओरडतं, ‘बंद कर की बे!’ तीच मोटार रात्री दोनला एकट्यानं लावली तर डीपीला पत्ताही लागत नाही.

तुमची कार दिवसाला 30 किलोमीटर फिरत असेल. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर लागतात पाच युनिट, म्हणजे दीड तासाचं चार्जिंग. गाडी मात्र संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत उभी असते. बारा तासांतला कुठलाही दीड तास चालतो.

मग सगळ्यांनी रात्री अकराचा टायमर लावावा? वीज वितरणात 31 वर्षं काढूनही मी हाच सल्ला देत होतो. आमच्या इमारतीत चौघांनी तो पाळला, आणि अकराच्या ठोक्याला पॅसेजमधला दिवा डोळा मारल्यासारखा मंदावला. गर्दी मी नुसती सातवरून अकरावर नेली होती.

संशोधन लागतं ते इथं. ब्रिटनमध्ये 2013 ते 2015 या काळात ‘माय इलेक्ट्रिक अव्हेन्यू’ नावाचा प्रयोग झाला. एकाच केबलवरच्या सुमारे दहा-दहा शेजाऱ्यांना इलेक्ट्रिक गाड्या दिल्या, आणि केबलवर ताण आला की एक उपकरण आळीपाळीनं गाड्यांचं चार्जिंग थोडा वेळ थांबवायचं. निष्कर्ष असा, की 40 ते 70 टक्के ग्राहकांकडं गाड्या आल्या की तिथल्या गल्लीतल्या केबलांपैकी 32 टक्क्यांना काहीतरी उपाय करावा लागेल. म्हणजे सरसकट सगळीकडं खोदकाम नको, पण कुठं लागेल हे आधी कळायला हवं.

आता हे कळणार कुणाला? डीपीवर किती भार आहे ते वीज कंपनीला ठाऊक, बॅटरी किती रिकामी आहे ते गाडीला ठाऊक, विजेचा दर नियामक आयोग ठरवणार, आणि उद्या पहाटे पाचला पुण्याला निघायचंय हे फक्त तुम्हाला ठाऊक. म्हणून सगळ्यांना एका टेबलावर बसावं लागतं.

भाचा बरोबर सांगतो. कॅनबेरात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, वीज कंपन्या, निस्सान आणि तिथलं सरकार यांनी 51 निस्सान लीफ गाड्या घेऊन असा प्रकल्प केला. 13 फेब्रुवारी 2024 ला व्हिक्टोरिया राज्यात वादळानं मोठ्या लाईनचे टॉवर पाडले. त्या वेळी कॅनबेरात 16 गाड्या प्लगला होत्या. काही सेकंदांत त्यांनी उलटी वीज सोडायला सुरुवात केली, एकूण 107 किलोवॉट. म्हणजे तुमच्या अख्ख्या डीपीपेक्षा जास्त! कुणी बटण दाबलं नव्हतं, ग्रिडची, म्हणजे विजेच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी (वीज कमी पडली की ती उतरते) घसरलेली चार्जरनंच ओळखली.

आपल्याकडंही हे लागू पडतं, आणि त्यात आपल्या गावाचा हात आहे. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीत जोडलं गेलं. तमिळनाडूत वीजनिर्मितीचं मोठं युनिट बंद पडलं तर तो धक्का, अगदी बारीक का होईना, तुमच्या भिंतीतल्या प्लगपर्यंत येतो.

तुमच्या सभासदांच्या गाड्या मात्र बहुधा उलटी वीज देणार नाहीत, त्याला दोन्ही दिशांचा चार्जर लागतो. काही गाड्यांतून मिक्सर, दिवा चालवता येतो, तेवढं ठीक. पण लाईट गेल्यावर तीच वायर घराच्या बोर्डात खोचायचा उद्योग कुणाला करू देऊ नका. वीज उलटी डीपीकडं जाते आणि लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला लायनमन मरतो. मी हे हात जोडून सांगतोय.

बंदीऐवजी पाण्याची वेळ लिहिता त्या फळ्यावर गाड्यांच्या पाळ्या लिहा : अकरा, साडेबारा, दोन. स्कूटर पहाटे. कुणाला लवकर निघायचं असेल त्यानं पाळी बदलून घ्यावी. आणि प्लग तपासा. एका सभासदाचा मी पाहिला होता, पिना तपकिरी झालेल्या, प्लास्टिकला जळका वास. सैल सॉकेट तासन्‌तास भार सोसत नाही, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, छपरावर सोलर. कामगारांच्या स्कूटर दुपारी चार्ज करू दिल्या तर परवडेल का?
— एक कारखानदार

उत्तर : परवडेल. स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटची, रोजच्या येण्याजाण्याला एखादं युनिट पुरतं. वीस स्कूटर धरल्या तरी वीसेक युनिट. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी हवा, आणि उद्योगांना गर्दीच्या तासांत तो किमान 1.2 पट. म्हणजे सोलर कमी पडलं तरी दुपार स्वस्तच. शिवाय रात्री चार्ज केलं तर धूर स्कूटरमधून निघून फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीत गेला, एवढाच फरक. दुपारी तुमच्याच छपरावरून भरलं तर तेवढंही नाही.

फक्त चार्जिंग शेडच्या आत नको. मागाजवळ सुताचे तंतू उडतात, बोर्डावर त्यांचा थर बसतो, आणि ठिणगीला तेवढं पुरे. बाहेर भिंतीला पत्रा टाकून सावली करा आणि दर चार प्लगला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवा.