कोर्टातल्या स्टेनोने अमेरिकेला येताना : संघटनेचं काम कसं, कुठलं आणि कधी घ्यायचं

खानापूर तालुक्यातल्या एका भगिनीने विचारलं आहे. कोर्टात दहा वर्षं स्टेनो आहे. मिस्टरांना एच-१बी वर डॅलसला जायचं आहे, त्यामुळे मला एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, मिळेल. तिथे कोर्ट रिपोर्टरचं काम मिळेल का? कोणी म्हणतं की कोर्ट रिपोर्टरांच्या संघटनेत बिनपगारी काम करत राहिलं की ओळखी होतात. ते चालतं का, आणि बेळगावात असतानाच काय करून ठेवू?

ताई, पगाराचं काम आल्या आल्या मिळणार नाही. संघटनेचं काम मिळू शकतं. त्यातलं कुठलं घ्यायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे नीट कळलं, तर मधली दोन-तीन वर्षं वाया जात नाहीत.

आधी कामातला फरक बघा. आपल्या कोर्टात साक्षीदार मराठीत नाहीतर कन्नडात बोलतो, न्यायाधीश त्याचं सार काढून डिक्टेट करतात आणि तुम्ही ते घेता. उलटतपासात वकील विचारतो, "त्या दिवशी तू निपाणीत नव्हतासच ना?" साक्षीदार म्हणतो, "होतो की साहेब." नोंदीत येतं : 'घटनेच्या दिवशी मी निपाणीत नव्हतो हे म्हणणे खरे नाही.' प्रश्न गेला, उत्तर गेलं, उरलं एक विधान. डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासमध्ये प्रश्न जसाच्या तसा, उत्तर जसंच्या तसं, मध्ये दुसऱ्या वकिलाने घेतलेली हरकत आणि अर्धवट सुटलेलं वाक्यसुद्धा लिहावं लागतं. साक्षीदाराने नुसती मान हलवली तर रिपोर्टर स्वतःच्या अंदाजाने 'होय' लिहीत नाही, उत्तर तोंडाने मागितलं जातं. सार काढायचं काम तिथे कोणाचंच नाही.

त्यामुळे वेगाचा हिशोबच बदलतो. आपल्या लघुलेखनाच्या परीक्षा ८०, १००, १२० शब्दांच्या. तिथल्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशनची, पायाभूत परीक्षा आर.पी.आर. म्हणून ओळखली जाते. तिचे प्रत्येकी पाच मिनिटांचे तीन भाग : साहित्यिक मजकूर मिनिटाला १८०, ज्युरीला दिलेल्या सूचना २००, साक्षीचे प्रश्नोत्तर २२५ शब्द. प्रत्येकात ९५ टक्के अचूकता लागते. २२५ च्या भागात पाच मिनिटांत ११२५ शब्द येतात, म्हणजे सुमारे ५६ चुकांवर गाडी थांबते. टेक्सासच्या राज्य परवान्याचे वेगही हेच. त्या परवान्याशिवाय तिथे पैसे घेऊन साक्षीची नोंद करता येत नाही. तुमचं पिटमनचं, म्हणजे पेन्सिलीच्या लघुलिपीचं, प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी या परीक्षेतून सूट देत नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा.

हा वेग पेन्सिलीने गाठणं अवघड म्हणून तिथे यंत्र आहे. त्याला २२ बटणं आणि वर आकड्यांची पट्टी. टाइपरायटरसारखं एकेक अक्षर मारायचं नाही. हार्मोनियमवर सूर धरतात तशी अनेक बटणं एकदम दाबायची, एका दाबात एक उच्चार. सगळ्या अक्षरांना स्वतंत्र बटण नाही : सुरुवातीचा 'ड' हवा तर टी आणि के एकत्र, 'ब' साठी पी आणि डब्ल्यू, 'ल' साठी एच आणि आर, 'न' साठी टी, पी, एच. पिटमनमध्ये तुम्ही उच्चाराने विचार करायला शिकलाच आहात. ती सवय इथे शंभर टक्के कामाला येते. हात मात्र शून्यापासून.

हा सराव बेळगावातच सुरू करा. प्लोव्हर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या संगणकावर चालतं. अडचण कीबोर्डची येते. स्वस्त कीबोर्ड एका वेळी मोजकीच बटणं ओळखतो, बाकीची गिळतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच बोट चुकलं. विकत घ्यायच्या आधी दुकानात नोटपॅड उघडा आणि ए, डब्ल्यू, एस, ई, डी, आर, एफ ही सात बटणं एकदम दाबा. सातही अक्षरं उमटली तरच घ्या. प्लोव्हरमध्ये डाव्या हाताची व्यंजनं नेमकी याच बटणांवर बसतात. गेमिंगच्या कीबोर्डमध्ये ही सोय बहुधा असते. खरं व्यावसायिक यंत्र काही हजार डॉलरचं असतं, ते परीक्षा जवळ आल्यावर बघू.

आता संघटनेचं काम. इथे आपली माणसं सर्वांत जास्त फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एच-४ वर कामाचा परवाना आपोआप मिळत नाही. २०१५ च्या नियमाप्रमाणे मिस्टरांचा ग्रीन कार्डचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल तर तुम्हाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तोपर्यंत काम नाही. आणि 'पैसे घेत नाही म्हणजे ते काम नाही' ही समजूत साफ चुकीची. जे काम एरवी पगार देऊन करून घेतलं जातं ते फुकट केलं तरी ते काम मानलं जाऊ शकतं. रिपोर्टरच्या मसुद्यातल्या चुका काढणाऱ्याला तिथे स्कोपिस्ट म्हणतात, आणि तो पानामागे पैसे घेतो. "सरावासाठी माझी पानं फुकट तपासून दे" असं एखादी रिपोर्टर प्रेमाने म्हणेल, तरी नाही म्हणा. तिचा तो धंदा आहे. रिपोर्टर पुरवणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात बिनपगारी बसणंही तसंच, कारण नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक ठेवता येत नाहीत. चालतं ते इतकंच : ना-नफा संघटना किंवा फाउंडेशन, जे पद सगळेच बिनपगारी सांभाळतात ते पद, आणि बदल्यात काहीही न घेणं. मानधन नको, गिफ्ट कार्डही नको. अधिवेशनाची फी माफ करतो म्हणाले तर हो म्हणायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

या चौकटीत काम भरपूर आहे. राष्ट्रीय संघटना १८९९ पासूनची, मुख्यालय व्हर्जिनियात रेस्टनला. तिच्या समित्या सभासदांच्या बिनपगारी वेळेवर चालतात. पण मी तुम्हाला आधी राज्याची संघटना, टेक्सास कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशन, गाठायला सांगेन. राष्ट्रीय समितीत तुम्ही पडद्यावरचं एक चौकोनी तोंड असता. राज्याच्या अधिवेशनात नोंदणीच्या टेबलावर बसलात तर दोन दिवसांत परवानाधारक रिपोर्टर तुमच्या समोरून जातात, प्रत्येकीचं नाव तुम्ही बिल्ल्यावर वाचता आणि तिला तुमचं कळतं.

त्याहून मोलाचं काम म्हणजे विद्यार्थ्यांसाठी डिक्टेशन वाचणं. याला सतत माणसं लागतात, कारण ते किचकट आहे. मजकुरावर दर पंधरा सेकंदांना खूण करावी लागते : १८० ला ४५ शब्दांवर, २०० ला ५० वर, २२५ ला ५६ वर. नुसते शब्द मोजूनही भागत नाही. मजकूर शब्दामागे सरासरी १.४ उच्चारखंडांचा (सिलॅबलचा) असावा लागतो, नाहीतर लांब शब्दांचा २०० चा उतारा छोट्या शब्दांच्या २२५ पेक्षा जड जातो. घड्याळ समोर ठेवून खुणेवर पोचायचं, मागे पडलात तर एकदम धाव घ्यायची नाही, पुढच्या दोन खुणांत भरून काढायचं. नवीन माणूस हमखास पहिल्या मिनिटाला हळू आणि शेवटच्या मिनिटाला सुसाट वाचतो, आणि ऐकणाऱ्याचा कस लागायच्या ऐवजी उतारा वाया जातो. इंग्रजी उच्चारांची भीती बाळगू नका. साक्षीदार सगळीकडचे असतात, विद्यार्थ्यांना वेगवेगळे उच्चार कानावर पडायलाच हवेत. आणि वाचता वाचता २२५ म्हणजे काय हे तुमच्या जिभेला आणि कानाला कळतं, ते पुस्तकातून कळत नाही.

राष्ट्रीय संघटनेचा 'ए टू झी' नावाचा यंत्र-लघुलेखनाचा मोफत परिचयवर्ग आहे, तो स्वयंसेवक रिपोर्टर चालवतात. तुम्ही आधी त्यात विद्यार्थी म्हणून बसा. शिकवायची घाई करू नका. फेब्रुवारीत कोर्ट रिपोर्टिंग आणि कॅप्शनिंगचा (बोललेलं पडद्यावर लिहून दाखवण्याचा) सप्ताह असतो, त्या वेळी शाळांत माहिती द्यायला माणसं लागतात, तिथे नवख्यालाही जागा मिळते. संघटनेच्या फाउंडेशनमार्फत माजी सैनिकांच्या मुलाखती लिहून काढायचं काम चालत आलं आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेटरन्स हिस्ट्री प्रोजेक्टसाठी. हा प्रकल्प अमेरिकन काँग्रेसने २००० मध्ये सुरू केला. त्यात वेगापेक्षा चिकाटी लागते : जहाजाचं नाव, गावाचं नाव, पलटणीचा आकडा नकाशा आणि याद्या बघून पडताळायचा. घराघरात फौजी असलेल्या आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे काम परकं वाटणार नाही.

बहिऱ्या माणसासाठी थेट बोललेलं लिहून पडद्यावर दाखवणं, हे मात्र 'सराव होईल' म्हणून फुकट घेऊ नका. विद्यार्थी वर्गात बसलेला असतो आणि तुमच्या ओळीवरच त्याचा तास अवलंबून असतो. तिथे थेट लेखनाच्या प्रमाणपत्राला ९६ टक्के अचूकता मागतात, ती काही उगीच नाही.

समितीत शिरलात की लवकरच कोणीतरी म्हणेल, इतिवृत्त तुम्हीच लिहा. घ्या. कोर्ट रिपोर्टर इथे चुकतात. ते बैठकीतला शब्द न् शब्द लिहून बारा पानं पाठवतात. अशा सभा बहुधा रॉबर्ट्स रूल्स या सभानियमांच्या पुस्तकाच्या पद्धतीने चालतात, आणि त्या पद्धतीत इतिवृत्तात काय झालं ते लिहायचं, कोण काय बोललं ते नाही : ठराव कोणी मांडला, नेमके शब्द काय, मंजूर की नामंजूर. दहा वर्षं न्यायाधीशांच्या शेजारी बसून वीस मिनिटांच्या गलबल्याचं एक वाक्य कसं होतं हे तुम्ही रोज पाहिलं आहे. टेक्सासच्या कोर्टात ज्या सवयीचा उपयोग नाही, ती संघटनेच्या टेबलावर सोन्यासारखी आहे. दीड पानाचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवणारी बाई कोणी सोडत नाही.

एक प्रश्न बैठकीत कधीच विचारू नका : "पानाला किती घेता?" आपल्याकडे ही साधी चौकशी. तिथे फ्रीलान्स रिपोर्टर एकमेकींच्या स्पर्धक धंदेवाल्या धरल्या जातात, आणि स्पर्धकांनी संघटनेत बसून दर ठरवणं १८९० च्या शर्मन कायद्याखाली गुन्हा आहे. चर्चेचा सूरही तिकडे वळला तर अध्यक्ष ती थांबवतात. ईमेलमध्येही नको, तो तर लेखी पुरावा. तशीच गोष्ट खऱ्या खटल्यांच्या कागदांची : सरावासाठी म्हणून बेळगावच्या कोर्टातली एकही साक्ष बरोबर आणू नका, नावं खोडूनही नको.

निघायच्या आधी पासपोर्टचं ना-हरकत पत्र आणि रजा की राजीनामा हे कोर्टाच्या आस्थापनेकडून लेखी घ्या. सरकारी नोकरीत असेपर्यंत परदेशी संघटनेचं बिनपगारी पदसुद्धा विचारल्याशिवाय स्वीकारू नका. कागदांवर जन्मगाव कुठे 'बेळगाम', कुठे 'बेळगावी' असेल, कारण इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. एकाच गावाची ही दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं की पुढे स्पष्टीकरणं द्यावी लागत नाहीत.

सरावाचे वर्ग आणि काही बैठका ऑनलाइन असतात, त्यात खानापुरातूनही बसता येतं. डॅलसचे संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत त्यांचं घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा साडेपाच. हा तास विसरून पहिलीच बैठक चुकवणारे पुष्कळ आहेत.

बसल्या बसल्या आणखी एक करा, आपल्या नावांचा शब्दकोश. यंत्रावर 'पाटील' दोन दाबांत येतो, पा आणि टील. सॉफ्टवेअरला तो शब्द माहीत नसेल तर 'टील' हा इंग्रजी शब्द समजून पडद्यावर 'पा' आणि एका बदकाचं नाव उमटतं. कुलकर्णी, देसाई, हिरेमठ, गौडर, नाईक, रेड्डी, सुब्रमण्यम अशी तीनशे-चारशे नावं स्वतःच्या दाबांसह भरून ठेवा. टेक्सासमध्ये भारतीय डॉक्टर आणि इंजिनियर साक्षीला येतात, आणि ही यादी तिथल्या कित्येक रिपोर्टरना हवी असते. संघटनेला ती बिनशर्त द्या.

स्वयंसेवकाचा अर्ज भरताना आठवड्याला दोन तास लिहा. पाच लिहू नका, कारण पहिल्या तीन महिन्यांत घर, बँक, गाडीचा परवाना, मुलांची शाळा यातच दिवस जातात, आणि दिलेला शब्द न पाळणारा स्वयंसेवक तिथे दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. अनुभवाच्या रकान्यात 'ट्रायल कोर्ट स्टेनोग्राफर, दहा वर्षं, मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी' असं सरळ लिहा. 'कोर्ट रिपोर्टर' लिहू नका, ती तिथे परवान्याची पदवी आहे. आणि शेवटच्या ओळीत, कामाचा परवाना नाही, फक्त बिनपगारी पद चालेल, हे स्वतःहून नोंदवा.